जोड

टेनिसचं कोर्ट डोळ्यांनी पाहण्याआधी कडेगावच्या त्या मुलाने टेनिसचे कितीतरी चेंडू हरवले होते. पोरं वर्गणी काढून एक चेंडू आणायची आणि तो उसात, विहिरीत नाहीतर बाभळीच्या काट्यांत गडप होईपर्यंत पुरवायची. नव्या चेंडूवरची पिवळी लव आठवडाभरात झडायची. मग तो टकला, काळपट चेंडू टप्पा पडल्यावर सुसाट निघायचा आणि बॅटवाल्याची तारांबळ उडायची. शेवटी सांध्यापाशी उकलून त्याच्या दोन वाट्या झाल्या, तरी त्यातल्या एका वाटीवर अजून एखादी संध्याकाळ भागायची.

हा चेंडू मुळात क्रिकेटचा नव्हेच, हे त्याला 1992 च्या जुलैत समजलं.

मोहरमचे दिवस होते. कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांची बांधणी चालली होती आणि गावभर त्याचीच चर्चा होती. रविवारी शेजारच्यांच्या टीव्हीवर विम्बल्डनची फायनल लागली, आंद्रे आगासी आणि गोरान इवानिसेविच. पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमला पंच नवे चेंडू मागवायचा. चांगले लवदार, धडधाकट चेंडू बाजूला जायचे आणि डब्यातून कोरे निघायचे. पोरांना आगासीच्या लांब केसांपेक्षा या उधळपट्टीचंच नवल वाटलं. जुने चेंडू जातात कुठं, हा प्रश्न त्या रात्री अंथरुणापर्यंत सोबत आला.

त्याच्या आबांना, म्हणजे आजोबांना, दुसराच प्रश्न पडला होता. आबा तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यांची जोड कुणी लावली?"

जत्रेच्या मैदानात जोड लावणं हे जोखमीचं काम. वजन, उमेद, मागच्या कुस्त्या, सगळं तोलावं लागतं. जोड चुकली तर एक गडी दोन मिनिटांत चितपट होतो आणि लोक आयोजकांना शिव्या घालत घरी जातात. शेजारच्या काकांनी मानांकनाची रीत समजावून सांगितली. अव्वल दोघांना तक्त्याच्या दोन टोकांना ठेवतात, म्हणजे गाठ पडलीच तर फायनललाच पडते. आबांनी मान डोलावली. "मंजी मोठी कुस्ती शेवटाला. आपल्यावानीच की."

मराठीत जोड म्हणजे सोबती, आणि आखाड्यात जोड म्हणजे समोर उभा ठाकलेला गडी. पोराने टेनिस शिकलं ते या एका शब्दावरून. कोण किती जिंकला यापेक्षा कुणाला कोण जोड मिळाली, हे तो बघायला लागला. आगासीला पीट सॅम्प्रास. बोरिस बेकरला स्टीफन एडबर्ग. 1988 ते 1990 सलग तीन वर्षं विम्बल्डनची फायनल या दोघांतच झाली होती आणि दोन एडबर्गने, एक बेकरने घेतली होती.

जोड मोडते कशी, हेही त्याने लवकरच पाहिलं. त्या 1992 च्या पंधरवड्यात स्टेफी ग्राफने महिलांच्या फायनलमध्ये मोनिका सेलेसला 6-2, 6-1 असं हरवलं होतं. पण बाकी बहुतेक ठिकाणी सेलेसचीच सरशी चालली होती. 30 एप्रिल 1993 ला हॅम्बुर्गमध्ये बाजू बदलताना खुर्चीवर बसलेल्या सेलेसच्या पाठीत एकाने सुरी खुपसली. तो ग्राफचा चाहता होता. सेलेस तेव्हा 19 वर्षांची होती आणि आठ ग्रँड स्लॅम तिच्या नावावर होती. ती परतली थेट ऑगस्ट 1995 मध्ये, आणि नंतर तिच्या वाट्याला आणखी एकच ग्रँड स्लॅम आलं. पेपरातली बातमी वाचून दाखवल्यावर आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यो कुस्ती बघायला आलाच नव्हता."

1996 च्या ऑगस्टमध्ये मात्र टेनिस आपणहून आबांच्या दारात आलं. अटलांटा ऑलिम्पिकमध्ये लिअँडर पेस उपांत्य सामन्यात आगासीकडून हरला आणि 3 ऑगस्टला ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीला 3-6, 6-2, 6-4 असं नमवून त्याने कांस्यपदक घेतलं. भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते 44 वर्षांनी. त्याआधीचं पदक हेलसिंकीत, 1952 साली, खाशाबा जाधवांचं. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. परत आल्यावर त्यांची शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती हकिकत आबांच्या पिढीला तोंडपाठ. त्याच खाशाबांना पुढे सरकार दरबारी किती काळ विसरलं गेलं, हेही ठाऊक. 1984 मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यामुळे पेसच्या बातमीत खाशाबांचा उल्लेख ऐकला तेव्हा आबा उठून बसले. "टेनिसवाल्यानं आमच्या खाशाबाचं नाव काढलं," एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला.

टेनिस आपल्या जिल्ह्याला इतकं परकं नाही, हे त्याला कॉलेजात कळलं. नंदू नाटेकर सांगलीत जन्मले, 1933 साली. बॅडमिंटनमध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय, 1956 मध्ये आजच्या मलेशियात, आणि 1961 चा पहिला अर्जुन पुरस्कारही त्यांचा. पण सुरुवातीला ते टेनिस खेळत. राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यांची गाठ रामनाथन कृष्णनशी पडली. तिथे हरल्यावर त्यांनी टेनिसची रॅकेट ठेवली आणि बॅडमिंटनची उचलली. कृष्णन पुढे 1960 आणि 1961 असे दोनदा विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले. एका जोडीने देशाला दोन खेळांतले दोन मोठे खेळाडू दिले. नाटेकरांचा मुलगा गौरव पुन्हा टेनिसकडेच वळला आणि 1994 च्या हिरोशिमा एशियाडमध्ये पेसच्या साथीने दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला.

विटा, खानापूर, कडेगाव या पट्ट्यातल्या पोरांची एक वाट ठरलेली असते. दुष्काळाने घरं सोडायला लावली तेव्हापासून इथली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. तोही चुलत्याच्या गलाईच्या दुकानात चेन्नईला गेला. दिवसभर भट्टीची धग, मूस, चिमटा आणि तेजाबाचा घशात बसणारा वास. पण जानेवारीत त्याच शहरात एटीपीची स्पर्धा भरायची. 5 जानेवारी 2008 च्या संध्याकाळी त्याने पहिल्यांदा खरं कोर्ट पाहिलं. समोर राफाएल नदाल आणि त्याचाच देशबांधव, त्याला धाकट्या भावासारखं वागवणारा कार्लोस मोया. टीव्हीवर चेंडू जातो-येतो. इथे तो तारांवर बसतो तो आवाज आधी छातीत लागत होता. 6-7, 7-6, 7-6. तीन तास चोपन्न मिनिटं. घामाने थबथबलेला नदाल जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी फायनलमध्ये मिखाईल यूझ्नीने त्याला 6-0, 6-1 असं गुंडाळलं. आदल्या रात्रीची कुस्ती अंगात राहिली की दुसऱ्या दिवशी हात उचलत नाही, हे सांगायला आबांची गरज नव्हती.

त्याच वर्षी जुलैत तो पेरणीसाठी गावी आला होता. विम्बल्डनची फायनल, रॉजर फेडरर आणि नदाल. पावसाने दोनदा थांबलेला सामना आपल्याकडच्या मध्यरात्रीच्या पुढे गेला, आणि पाचव्या सेटमध्ये गावची लाइट गेली. ते भारनियमनाचे दिवस. कुणाला दोष द्यायचा? त्याने चेन्नईच्या दुकानात झोपणाऱ्या गड्याला फोन लावला. त्याला टेनिसचं ओ की ठो कळत नव्हतं. तो पडद्यावरचे आकडे वाचत राहिला, सोन्याचं वजन सांगावं तसा. सात सात. आठ सात. नऊ सात. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटांच्या त्या सामन्याचा शेवट याने अंगणात, अंधारात, एका गलाईवाल्याच्या तोंडून ऐकला.

नदाल आबांना मनापासून आवडायचा, कारण तो मातीतला. आपल्या महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात; टेनिसमध्येही वर्षाची तशीच वाटणी. जानेवारीत मेलबर्नची गादी, मे-जूनमध्ये पॅरिसची लाल माती, जून-जुलैत विम्बल्डनचं गवत, ऑगस्ट-सप्टेंबरात न्यूयॉर्कला पुन्हा गादी. पॅरिसची माती म्हणजे वरचा विटांचा चुरा, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, हे ऐकून आबा हसले होते. त्यात ना तेल, ना ताक, ना हळद. "त्या भुकटीला माती म्हणत्यात व्हय?" तरी नदालने त्या भुकटीवर 14 विजेतेपदं घेतली आणि सगळ्या कारकिर्दीत तिथे फक्त चार सामने गमावले.

2010 च्या जूनमध्ये विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोलस माहू तीन दिवस खेळले. पाचवा सेट 70-68, एकूण अकरा तास पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी 59-59 वर अंधार पडला तेव्हा पंचाहत्तरीतले आबा कळवळून म्हणाले, "आरं, सोडवा की बरोबरीत!" टेनिसमध्ये कुस्ती बरोबरीत सुटत नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. 2022 मध्ये चारही ग्रँड स्लॅमनी ठरवलं की शेवटच्या सेटला 6-6 झाले की दहा गुणांचा टायब्रेक. निम्मं का होईना, त्यांच्या मनासारखं झालं. पण तोवर आबा नव्हते.

चेन्नईची ती स्पर्धा 2018 ला पुण्यात आली, बालेवाडीला. त्याआधीच भट्टीला कंटाळून तो गावी परतला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये एसटीने पुण्याला गेला, कारण पेसने ते आपलं निरोपाचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस जाळ्याजवळ अजून मांजरासारखा उडी घेत होता. महिनाभरात करोनाने सगळं बंद पाडलं आणि निरोपाचं वर्ष तिथेच अडकलं.

मैदान सोडलेला पैलवान आमच्याकडे कुठे जात नाही. पुढच्या जत्रेला फेटा बांधून पहिल्या रांगेत बसतो, पंच होतो, नारळ घेतो. टेनिसवाले मात्र एका रात्रीत निघून जातात. 23 सप्टेंबर 2022 ला लंडनमध्ये फेडरर शेवटचं खेळला, दुहेरीत, आणि शेजारी नदाल होता. दोघे हरले. मग बाकावर बसून, हातात हात घेऊन, दोघेही रडले. एकमेकांशी चाळीस सामने, त्यात 24 नदालचे, 16 फेडररचे. पहाटे मोबाइलवर तो फोटो बघताना त्याला आबांचा शब्द आठवला. समोरचा गडी शेवटी बाजूला येऊन बसला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये मालागात नदालही थांबला. नोव्हाक जोकोविच उरला, 24 ग्रँड स्लॅम घेऊन, दोन्ही जोडी गमावून.

चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी लहान, म्हणून मोहरम ऋतूंमधून फिरत फिरत साधारण तेहेतीस वर्षांनी त्याच जागी येतो. 2025 मध्ये तो पुन्हा विम्बल्डनच्या पंधरवड्यात आला. 6 जुलैला, रविवारी, ताबुतांच्या भेटी झाल्या; हिंदू-मुसलमान दोघांच्या खांद्यांवरून ते उंच मनोरे झुलत आले आणि एकमेकांना भेटून मागे सरले. पुढच्या रविवारी फायनल, यानिक सिनर आणि कार्लोस अल्काराझ. महिनाभरापूर्वी पॅरिसमध्ये अल्काराझने तीन मॅच पॉइंट वाचवून, पाच तास एकोणतीस मिनिटांनी, त्याच दहा गुणांच्या टायब्रेकवर सिनरला हरवलं होतं. आता सिनरने 4-6, 6-4, 6-4, 6-4 अशी परतफेड केली.

त्याचा पोरगा शेजारी बसून बघत होता. पंचाने नवे चेंडू मागवले तसा तो वळला. "पप्पा, जुन्याचं काय करत्यात?"

तेहेतीस वर्षांत याचं उत्तर त्याने शोधून ठेवलं होतं. तिथल्या तिथे विकतात. आणि एकदा, 2001 मध्ये, भोकं पाडून शेतातल्या चिमुकल्या उंदरांच्या घरट्यांसाठी दिले होते.

"उंदरांना?" पोरगा उठलाच. सकाळी त्याचा चेंडू उसात गेला होता. बॅटरी घेऊन दोघे बांधावर आले तेव्हा घरात टीव्ही चालूच होता.