गांव न विचारतां काढलेलें तिकीट

प्रवासास निघावयाचें म्हणजे कोठें जावयाचें हें आधीं ठरवावें लागतें, असें आम्ही पासष्ट वर्षें समजत आलों होतों. शाळेंत असतांना सहलीचा बेत झाला कीं गाडीची वेळ, उतरण्याची जागा, पिण्याच्या पाण्याची सोय आणि परतीचा घंटा हीं फळ्यावर लिहिल्यावांचून आम्हीं एकाहि मुलास फाटकाबाहेर पाऊल टाकूं दिलें नाहीं. त्याच आम्हांवर 2023 सालच्या वैशाखांत, जर्मनींत बॉन येथें चिरंजिवाच्या घरीं बसून, गांवाचें नांव न विचारतां विमानाचें तिकीट काढण्याचा प्रसंग आला.

बॉन हें गांव संस्कृताच्या मास्तरास अगदींच परकें नव्हे. ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल 1818 पासून येथील विद्यापीठांत शिकवीत होते आणि 1823 सालीं त्यांनीं लॅटिन भाषांतरासह भगवद्गीता येथेंच प्रसिद्ध केली. त्या आठवणींत आणि राईनच्या कांठच्या फेरफटक्यांत आमचे तीन आठवडे सुखानें गेले. चवथ्या आठवड्यांत सूनबाईनें विषय काढला, कीं आईबाबांनीं दोघांनींच चार दिवस कोठें तरी जाऊन यावें. कोठें, असें आम्हीं विचारतांच ती हंसून म्हणाली, “तें ठरवायचंच नाहीं, बाबा.”

युरोविंग्ज ही लुफ्तान्साच्या गोतांतील स्वल्प भाड्याची विमानकंपनी. तिच्या ‘ब्लाइंड बुकिंग’ नांवाच्या योजनेंत प्रवाशानें कोणत्या विमानतळावरून निघणार, जाण्यायेण्याच्या तारखा कोणत्या आणि आवड कशाची (समुद्रकिनारा, कलासंस्कृति, बाजारहाट वगैरे) एवढेंच सांगावयाचें. त्या आवडीखालीं कांहीं शहरांची यादी समोर येते. त्यांतील कोणतें पदरांत पडलें हें पैसे भरल्यावर लागलेंच कळतें, आधीं नाहीं. नको असलेलें शहर खोडतां येतें, पण दर नांवागणिक थोडे युरो जास्त मोजावे लागतात. आणि एकदां पैसे भरले कीं ‘हें नको, तें द्या’ म्हणण्याची सोय नाहीं.

हा व्यवहार कंपनीस परवडतो कसा, हें आम्हांस प्रथम उमगेना. चिरंजीव म्हणाला, “बाबा, संध्याकाळच्या मंडईंतली मेथी आठवा.” मग उलगडा झाला. दिवे लागले कीं भाजीवाली उरलेल्या जुड्या येईल त्या भावानें देऊन टाकते, कारण सकाळपर्यंत त्यांचा पाला व्हावयाचा. विमानांतील रिकाम्या खुर्चीचें आयुष्य त्याहूनहि थोडें. विमान उडालें कीं तिचें मोल शून्य. पण भाजीवालीनें सकाळपासूनच पडलेला भाव ओरडून सांगितला तर पुऱ्या भावाचें गिऱ्हाईकहि संध्याकाळची वाट पहात बसेल. म्हणून कंपनी भाव पाडते, पण कोणत्या मालाचा पाडला हें झांकून ठेवते. ज्यास सोमवारीं कामासाठीं मिलानलाच पोंचावयाचें आहे तो पुरें भाडें देतो. ज्याचें कोठेंहि जाऊन चालतें त्या पेन्शनरास उरलेली जुडी मिळते. अमेरिकेंत 1998 सालीं निघालेल्या प्राइसलाइन पेढीची तऱ्हा याच्या उलट होती. तेथें गांवहि प्रवाशानें सांगावयाचें आणि भाडेंहि त्यानेंच बोलावयाचें; मात्र विमान कोणाचें व किती वाजतां सुटणार, हें पैसे दिल्यावर कळे. कांहीं तरी झांकल्याशिवाय स्वस्ताई येत नाहीं असें दिसतें.

आम्हीं ‘कलासंस्कृति’ ही आवड सांगितली आणि आलेली यादी पेन्सिलीनें कागदावर उतरून घेतली. पहिली काट मारली ती लंडनवर. येथें मात्र आमचा निरुपाय होता. आमच्या पासपोर्टावरील व्हिसा शेंगेन करारांतील देशांपुरता. इंग्लंड त्या करारांत नाहीं, तेथील परवाना निराळा काढावा लागतो. शेजारच्या जर्मन गृहस्थास त्या वेळीं लंडन निघालें असतें तर तो पासपोर्ट खिशांत टाकून शीळ घालीत गेला असता. आम्हांस निघालें तर पैसे बुडवून घरींच बसणें प्राप्त. आपल्यापैकीं कोणास हा खेळ खेळावयाचा असेल त्यानें यादींतील प्रत्येक देश आपल्या व्हिसाशीं ताडून पहावा, एवढें आमचें सांगणें आहे.

लंडनपाशीं थांबलों असतों तर ठीक होतें. पण रोमला खिसेकापू फार, म्हणून रोम खोडलें. बुडापेस्टची भाषा आजूबाजूच्या कोणत्याच भाषेसारखी नाहीं, म्हणून तें खोडलें. प्रागला चढउतार फार आणि आमच्या कुटुंबाचे गुडघे दुखरे, म्हणून तेंहि गेलें. मिलान महाग. अशीं कारणें देत देत आम्ही खालीं उतरत असतां चिरंजीव म्हणाला, “बाबा, खोडण्याच्या एवढ्या पैशांत बर्लिनचं सरळ तिकीट येईल.”

आमचें कुटुंब इतका वेळ खिडकीपाशीं वाती वळीत बसलें होतें. तेथूनच, मान वर न करतां, तिनें म्हटलें, “अरे, नांवं खोडण्यांत हे पहिल्यापासून हुषार. मिरजहि ह्यांनींच खोडली होती.”

खोलींत कोणी बोलेना. सूनबाईला यांतील कांहींच ठाऊक नव्हतें, चिरंजिवालाहि नसावें. गोष्ट 1984 सालची. तिची गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा उत्तम तऱ्हेनें उतरली होती. गुरुजींचें म्हणणें असें, कीं तिनें मिरजेस मावशीकडे राहून विशारदची तयारी करावी, गळा वायां घालवूं नये. आमची नोकरी नवी, बदली आडगांवीं झालेली, घरीं म्हातारी आई. “तें आतां राहूं द्या,” एवढेंच आम्ही म्हणालों होतों. तिनें तानपुरा माहेरीं पाठवून दिला आणि त्यानंतर एकोणचाळीस वर्षांत तो शब्द तोंडावाटे काढला नाहीं. आम्ही समजलों होतों कीं ती विसरली.

आम्हीं नातवाच्या दप्तरांतून खोडरबर मागून घेतला आणि लंडनखेरीज सर्व काटा पुसून टाकल्या. चिरंजिवानें पैसे भरले. दोघांचें जाण्यायेण्याचें भाडें दीडशें युरोंच्या आंत बसलें. क्षणभरानें पडद्यावर अक्षरें उमटलीं: व्हिएन्ना.

या भाड्यांत सामानाची मुभा 40 × 30 × 25 सेंटिमीटरच्या एका पिशवीची. दोन लुगडीं, एक धोतर, औषधें आणि चिवडा एवढ्यांतच ती फुगली. पंचपात्री कोटाच्या खिशांत गेली. कोलोन-बॉन विमानतळावरून निघून दीडएक तासांत आम्ही व्हिएन्नास उतरलों.

शहराचें वर्णन आम्ही लांबवीत नाहीं. राजवाड्यांचीं चित्रें कोठेंहि पहावयास मिळतात. आम्हांस पहिलें कौतुक वाटलें तें पाण्याचें. आल्प्सच्या पायथ्याकडील झऱ्यांचें पाणी सुमारें शंभर किलोमीटरवरून नळानें शहरांत आणण्याचें काम 1873 सालीं पुरें झालें आणि आजहि तेंच डोंगरचें पाणी घरोघर येतें. रस्त्यांतल्या तोटीची ओंजळ तोंडास लावतांच कुटुंब म्हणालें, “आजोळच्या विहिरीसारखं लागतं.” दुसरें, जुना तट पाडण्याचा हुकूम बादशहानें 1857 सालीं दिला आणि त्या जागीं काढलेल्या गोल रस्त्यावरून आतां ट्रामगाड्या फिरतात, त्यामुळें दुखऱ्या गुडघ्यांसहि शहर दिसतें.

ट्राममधून आम्ही विद्यापीठापाशीं उतरलों. येथें आमचा एक स्वार्थ होता. डॉ. गेऑर्ग ब्यूलर 1863 सालीं मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत आले, पुण्याच्या डॉ. कीलहॉर्न यांच्यासह त्यांनीं मुंबई संस्कृत ग्रंथमाला उभारली, आणि दोघांनीं मिळून संपादिलेल्या पंचतंत्रावर आमच्या गुरुजींची पिढी वाढली. तेच ब्यूलर 1881 मध्यें व्हिएन्नास संस्कृताचे अध्यापक झाले आणि 1898 सालीं कॉन्स्टन्सच्या सरोवरांत नाव बुडून वारले. विद्यापीठाच्या आंतल्या चौकांत चारी बाजूंच्या कमानींखालीं अध्यापकांचे पुतळे ओळीनें मांडले आहेत. आम्ही नांवें वाचीत चाललों असतां ‘ब्यूलर’ हीं अक्षरें दिसलीं. “सांपडले!” म्हणून आम्ही ओरडलों आणि वर पाहतों तों मुखवटा एका बाईंचा! त्या शार्लोट ब्यूलर, मानसशास्त्राच्या पंडिता. या चौकांत पुरुषांचींच गर्दी झाली म्हणून 2016 मध्यें सात विदुषींचे पुतळे मुद्दाम बसविण्यांत आले, त्यांतला हा एक. लीझ माइट्नर यांचाहि त्यांतच आहे. “सात का होईनात, बसवले ना,” असें म्हणून कुटुंब तेथल्या बांकावर टेकलें, आणि आमचें संशोधन तेवढ्यावर थांबलें.

सायंकाळीं ऑपेरागृहाकडे गेलों. 1869 मध्यें उघडलेली ही इमारत 1945 च्या मार्चांत बॉम्बनें जळाली आणि 1955 सालीं पुन्हां उभी राहिली. आंतल्या तिकिटांची आम्हीं चौकशीहि केली नव्हती. पण वसंतांत पुष्कळ रात्रीं आंत चाललेलें गाणें शेजारच्या कारायान चौकांत मोठ्या पडद्यावर फुकट दाखवितात व खुर्च्याहि मांडतात. दोन खुर्च्या मिळाल्या. उजेड अद्याप होता, वारा गार होता. एक धिप्पाड बाई गाऊं लागल्या. भाषा आम्हांस कळत नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर गाणेंहि फारसें कळलें नाहीं. कुटुंबानें शाल डोक्यावरून घेतली होती. थोड्या वेळानें तिचा उजवा हात आमच्या मनगटावर आला आणि बोटें ठेका धरूं लागलीं, थांबलीं, पुन्हां धरूं लागलीं.

“सम सांपडत नाहीं हो,” ती हळूच म्हणाली.

साडेनऊ वाजतां आम्हीं घड्याळ पाहिलें. मुक्काम दूर, रस्ता परका, शेवटची ट्राम केव्हांची हें आम्हीं कागदावर लिहून आणलें होतें. “निघावें का?” असें विचारलें. तिनें पडद्यावरची नजर काढली नाहीं. आमचें मनगटहि सोडलें नाहीं. मग आम्हीं कागद खिशांत घातला.

बॉनला परत आल्यावर नातवानें पहिला प्रश्न केला तो खोडरबराचा. तो आमच्याच खिशांत राहिला होता. “राहूं दे तो आजोबांजवळ,” त्याची आजी म्हणाली, “पुढच्या खेपेस लंडन तेवढं खोडायचं, दुसरं कांहीं नाहीं.”