सतरंजीवरचा गोल्फ

आयुष्यभर यंत्रमागांच्या खडखडाटात वावरलेल्या, बमरोलीत राहणाऱ्या माणसाने गोल्फविषयी लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही वाटते. उधना-पांडेसऱ्याच्या या पट्ट्यात खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी क्रिकेटची बॅट सापडेल, फार तर कॅरमबोर्ड. आमच्या घरी गोल्फची काठी आली ती मुलामुळे.

मुलाने माग सांभाळण्यास नकार दिला आणि नोकरीसाठी तो बडोद्यास गेला, त्याला आता अकरा वर्षे झाली. पुढे आम्ही माग विकून टाकले. भांडण असे झालेच नाही. बोलणे आटत गेले. दिवाळीला येणे, पाया पडणे, प्रकृतीची चौकशी, एवढेच उरले. दोन वर्षांपूर्वी तो अचानक म्हणाला, "अप्पा, एखाद्या रविवारी माझ्याबरोबर खेळायला या ना." सौभाग्यवतींनी डोळ्यांनी खूण केली, म्हणून आम्ही होकार दिला.

बडोद्याचे ते मैदान लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये पुरा केलेला हा वाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथील हिरवळीवर पाऊल ठेवताना आम्हांला आधी जोडे काढावेसे वाटले! पहिला टोला हवेतच गेला, दुसऱ्याने माती उडाली. पण खरी फजिती खळग्याजवळ झाली. चार हातांवरून चेंडू आत घालावयास आम्हांला सहा टोले लागले. मुलगा हसला नाही, याचेच अधिक वाईट वाटले.

निघताना त्याने एक जुनी काठी, दोन चेंडू आणि एक लहानसे पुस्तक हाती दिले. ते गाडीतच वाचून काढले. अठरा खळग्यांच्या मैदानावर चांगल्या खेळाडूसाठी साधारण ७२ टोल्यांचा हिशेब धरतात आणि त्यांत प्रत्येक खळग्याजवळच्या हिरवळीवरचे दोन, म्हणजे एकूण ३६ टोले गृहीत असतात. अर्धा खेळ तेथेच! तरीही लोक सराव करतात तो लांब टोल्याचा, कारण तो चारचौघांना दिसतो. या वयात आमच्या खांद्यांतून लांब टोला निघणे नव्हते. तेव्हा आम्ही दुसऱ्या अर्ध्याचा नाद धरला.

घरी सतरंजी अंथरली, टोकाला वाटी आडवी ठेवली. खळगा सव्वाचार इंच रुंद असतो, वाटी जेमतेम तीन इंचांची. तिच्यात चेंडू जाऊ लागला की खळगा विहिरीएवढा वाटतो. मनगटे स्थिर ठेवून खांद्यांतूनच काठी लंबकासारखी हलवावयाची आणि चेंडू गेला तरी मान वर करावयाची नाही, हे दोन नियम. दुसरा फार कठीण. वाटीचा 'टण्' आवाज कानी पडेपर्यंत आम्ही सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत राहतो. शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडते, ती गोष्ट वेगळी.

दिशा महिन्याभरात साधली; जोर साधेना. मग एके दिवशी जुना माग आठवला. धोट्याला टोला हलका बसला की तो ताण्यातच अडकतो आणि धागे तुटतात. जोराचा बसला तर पलीकडच्या पेटीवर आपटून मागे उसळतो. तो जोर कारागीर पट्टीने मोजत नाही, मागाच्या आवाजावरून ओळखतो. आम्ही तसेच केले. डोळे मिटून टोला द्यावयाचा, चेंडू आखूड राहिला की पुढे गेला ते आधी सांगावयाचे आणि मग पाहावयाचे. सहा आठवड्यांत दहांपैकी सात अंदाज बरोबर येऊ लागले.

गेल्या महिन्यात पुन्हा बडोद्यास गेलो. सकाळचे दव होते. ओल्या गवतावर चेंडू अडखळतो, म्हणून थोडा जोर वाढविला. बारा हातांवरून चेंडू खळग्याच्या कडेवर घुटमळला आणि आत पडला. मुलगा पाहतच राहिला.

"अप्पा, हे कुठे शिकलात?"

"मागावर," आम्ही म्हणालो.

अकरा वर्षांत तो शब्द आमच्या दोघांत प्रथमच उच्चारला गेला. थोडे अंतर तो न बोलता चालला. मग म्हणाला, "धोट्याला टोला देणारी ती लाकडी काठी अजून आहे का हो घरी?"

ती माळ्यावर आहे. येत्या रविवारी तो बमरोलीस येणार आहे, तेव्हा माळा झाडून घ्यावा लागेल.