एवढं पोटात घाला

चूक झाली की आपण वडीलधाऱ्यांना म्हणतो, एवढं पोटात घाला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या कोनोनडेल आणि ब्लॅकॉल डोंगरांतल्या ओढ्यांत एक बेडकी होती. ती खरंच पोटात घालायची. आपली फळलेली अंडी ती गिळून टाकी. अंड्यांभोवतीच्या चिकात आणि पुढे पिल्लांच्या पाझरात असं काही असे, की आईच्या जठरातलं आम्लच थांबे. सहा-सात आठवडे कडकडीत उपास. पोट इतकं तट्ट फुगे की फुप्फुसं चेपली जात आणि ती कातडीतून श्वास घेई. मग एक दिवस ती तोंड उघडी, आणि जिभेवर नखाएवढं, हातीपायी धड पोर बसलेलं!

दूर दक्षिणेला, टास्मानियात, पोटाशी पिल्लं बाळगणारं आणखी एक जनावर होतं, थायलसीन. पाठीवर पट्टे, म्हणून लोक वाघ म्हणत. गोत मात्र कांगारूचं. मादीच्या पोटाची पिशवी मागे उघडणारी, चार पिल्लांपुरती. (नरालाही छोटीशी पिशवी असे. कौतुकच.) मेंढ्या मारतो या आळापायी सरकारनं १८८८ ते १९०९ मारलेल्या मोठ्या जनावरामागे एक पौंड दिला. २१८४ बक्षिसं वाटली. अखेरचं जनावर ७ सप्टेंबर १९३६ ला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. कायद्यानं त्याला अभय दिलं, त्याला तेव्हा ५९ दिवस झाले होते.

वाघाचा अपराधी ठाऊक आहे, सरकारी वहीत त्याची सही आहे. बेडकीवर कुणी बंदूक रोखली नाही. ती शास्त्राला सापडली १९७२ मध्ये, रानात शेवटची दिसली १९८१ मध्ये, आणि १९८३ च्या नोव्हेंबरात काचपेटीतली अखेरची मेली. संशय एका बुरशीवर आहे. दोन मयतांत डावंउजवं करू नये, पण मला बेडकीचं जास्त लागतं. पुरती ओळख व्हायच्या आत गेली. आता पोटात घाल म्हणावं, तर ते पोटच नाही.

गेलेल्यांना परत आणता येईल का, म्हणून माइक आर्चर या शास्त्रज्ञानं आधी १८६६ पासून दारूत बुडवून ठेवलेल्या वाघाच्या पिल्लातून काही निघतं का पाहिलं. मग बेडकीकडे वळला. कुणीतरी साध्या फ्रीजरात ठेवलेल्या तिच्या मांसातल्या पेशीचं केंद्रक दुसऱ्या जातीच्या बेडकीच्या अंड्यात घातलं. २०१३ मध्ये बातमी आली, अंडी विभागू लागली आहेत. काही दिवसांतच ती मेली. एकातूनही बेडूकमासा निघाला नाही.