त्र्याहत्तर नंबर

हजेरी घेण्याइतके नीरस काम प्राध्यापकाच्या आयुष्यात दुसरे नाही. अकरावीच्या वर्गात मुले १२०. नंबर पुकारायचा, 'हजर' ऐकू आले तर खूण करायची, नाही आले तर फुली मारून पुढे जायचे. मान वर करायला सवड कोणाला? १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी शाळेतून उठून पुष्कळ ठिकाणी कॉलेजात आली. तेव्हापासून ही सोळा वर्षांची पोरे आमच्या वाट्याला येतात. शाळेत त्यांना निदान नावाने रागावतात. आमच्याकडे त्यांचे नंबर होतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, ७५ टक्क्यांहून कमी हजेरी असलेल्यांच्या घरी पत्रे गेली. त्र्याहत्तर नंबरचे वडील दुसऱ्याच दिवशी चिरंजीवांना घेऊन हजर झाले.

"सर, याचा आजवर कसला म्हणजे कसला त्रास नाही हो," गृहस्थ म्हणाले. "घरात आहे की नाही हेसुद्धा कळत नाही!" हे त्यांनी कौतुकाने सांगितले. "मग रोज डबा घेऊन निघतो तो जातो तरी कुठे?"

मुलगा खाली मान घालून उभा होता. मी त्याला निरखून पाहिले. खरे सांगतो, हा चेहरा पूर्वी पाहिल्याचे मला आठवेना.

"काय रे, तासाला का बसत नाहीस?" मी जरा आवाज चढवूनच विचारले.

त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही, शेजारी उभ्या असलेल्या वडिलांनाही नाही. मग त्याने पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली.

पानापानावर तारीख होती. एकही तास सुटला नव्हता. माझा घसा बसला होता तो दिवससुद्धा होता: 'सरांना बरे नाही. तास १० मिनिटे.' एका पानावर मी थबकलो. त्या दिवशी शिकवायचे सोडून मला रवींद्रनाथांच्या 'छुटी' कथेवर बोलण्याची लहर आली होती. खेड्यातून कलकत्त्याला मामाकडे शिकायला आलेला फटिक, मामीला घरात नकोसा झालेला, भर पावसात घर सोडून निघालेला. त्या वयाचे पोर कोणाच्या लेखी नसते, यावर मी मोठ्या तळमळीने बोललो होतो. कंठही दाटून आला होता. (वर्गावर त्याचा परिणाम बरा होतो.) ते सारे त्याने सुवाच्य अक्षरात टिपून घेतले होते.

हजेरीपट उघडून मी तीच तारीख काढली. त्र्याहत्तरपुढे माझ्या हातची फुली होती.

"अरे, मग इतके दिवस सांगितले का नाहीस?"

"सांगितलं होतं, सर." या वेळी मात्र ऐकू आले. "दोनदा."

"जाऊ द्या हो सर, त्याचं काही नाही," वडील घाईघाईने म्हणाले.

मी पेन उघडून एकेक फुली दुरुस्त करू लागलो. बराच वेळ लागला. दोघेही उभेच होते; बसा म्हणायचेही मला सुचले नव्हते. घरी गेलेल्या पत्रावर त्या मुलाचे नाव होते, पण सही करताना मी ते वाचले नव्हते.

"नाव काय रे तुझे?"

वडिलांनी उत्तर द्यायला तोंड उघडले.

"तुम्ही थांबा," मी म्हटले, आणि खुर्ची पुढे ओढून त्याच्याकडे कान केला.