उलटी बॅटरी आणि खरं बोलणं

जून-जुलैची मासेमारी बंदी संपली की आम्ही कोकणातले नौकावाले बॅटऱ्या पुन्हा नौकेवर चढवतो. घाईत एखाद्या पोराच्या हातून प्लसची वायर मायनसला लागते. ठिणगी उडते. तो घाबरून वायरी सरळ करतो आणि गप्प बसतो. दिवे लागतात, इंजिनही सुरू होतं.

पण साध्या बल्बला उलटसुलट कळत नाही. अल्टरनेटरमधले डायोड मात्र क्षणात जळू शकतात. म्हणून आम्ही आधी मुख्य फ्यूज आणि वायरलेस, जीपीएसच्या वायरींतले छोटे फ्यूज पाहतो. जळालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज. तार कधीच नाही. मग मीटर. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते, चालू असताना १४ च्या जवळ. आकडा चढला नाही, तर चार्जिंग होत नाही, आणि रात्री भर समुद्रात वायरलेस मुका होतो.

हे तपासायचं सुचतं, ते पोरानं सांगितलं तरच. म्हणून सांगायला आलेल्यावर आम्ही ओरडत नाही. अल्टरनेटर नवा घेता येतो. नौकेवरचे जीव आमच्याकडे अमानत आहेत.