भरून बघ!

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आमची स्वारी सासरी भोकरला निघते. नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी धरायची. मुदखेड मागे पडलं, की भोकर येतंच. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगूही कानावर पडतं.

ह्या खेपेला सासूबाईंसाठी मी स्टीलचा छानसा जग नेला होता. पावसाळ्यात त्या अंगणात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पूर्वीची पकड काही राहिली नाही. आता हा पितळेचा जड तांब्या त्यांना झेपायचा नाही, तो मोडीत घालावा, असं मी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात पाणीच पाणी! भरलेला जग त्यांच्या हातातून सुटला होता.

"अहो आई, धरायला कान आहे की त्याला!"

"कान हाय गं. पण सगळं वजन एका अंगाला लोंबतंय, मनगट पिळवटतंय. माझा तांब्याच दे मला."

मला काही ते पटेना. म्हणून मीच दोन्ही भरून उचलून पाहिले. तांब्याच्या गळ्याभोवती बोटं घातली, की वरचा काठ बोटांवर टेकतो आणि वजन हाताच्या सरळ खाली राहतं. ओतायच्या वेळी डावा हात आपोआप पोटाखाली जातो. काठ बाहेर वळलेला, त्यामुळे धार सुटून पडते, अंगावरून ओघळत नाही. आत हात जातो, कोपरा कुठेच नाही. चिंच नि राख फिरवली की झालं. माझ्या जगाच्या तळाशी मात्र माझीही बोटं पोचत नव्हती!

चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी आपल्या लोट्याला मान दिला. डोक्यावर, कमरेवर, हातात तो कसा तोलला जातो, रिकामा असताना आणि भरल्यावर भार कुठे येतो, घासायला कसा पडतो, ह्याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. त्याच अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. आणि मी बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी, तोच तांब्या मोडीच्या पिशवीत भरत होते!

जुनं ते सगळं चांगलं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे हं. पाटा-वरवंट्यापुढे वाकून कंबर मोडून घेण्यापेक्षा मिक्सर शतपटीने बरा. पितळ जड असतं, हेही खरंच. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी भांड्यांच्या दुकानात गेलो, त्याच घाटाचा लहान स्टीलचा तांब्या घ्यायला. मी एक चकचकीत पाहून उचलला, तर सासूबाई दुकानदाराकडे वळल्या.

"दादा, जरा पाणी द्या. रिकामा कुणीबी उचलतंय, बाई. भरून बघ!"

चार तांब्ये भरून, उचलून, ओतून झाले. दुकानाची पायरी ओली झाली. पाचवा त्यांच्या हातात नीट बसला.

पितळेचा तांब्या देवघराशेजारी परत गेला. जगात आता पळ्या आणि उलथनी उभी आहेत.