वैभववाडीची एक रात्र

कोकण रेल्वेने मालवणाकडे जाणारा प्रवासी 'वैभववाडी रोड' हे स्थानक खिडकीतून पाहतो आणि पुढे निघून जातो. समुद्र येथून दूर. एका बाजूस सह्याद्रीची भिंत आणि तीवरून गगनबावड्याकडे चढणारे करूळ व भुईबावडा हे दोन घाट. गेल्या मार्गशीर्षात आम्ही मात्र तेथे मुद्दाम उतरलो. आमची थोरली बहीण, आक्का, याच तालुक्यातील एका खेड्यात राहते. सहा महिन्यांपूर्वी तिचा एकुलता मुलगा मुंबईस अकाली वारला. तेव्हापासून ती रडली नव्हती. घरातील कामे बिनचूक करी. बोलणे तेवढे बंद झाले होते. भगवद्गीता, भर्तृहरी, जे जे आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले ते सारे तिला सांगून पाहिले. तिने ऐकून घेतले आणि उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ग्रामदेवतेची जत्रा होती आणि रात्री देवळापुढे दशावताराचा खेळ. आक्का येण्यास राजी नव्हती. शेजारच्या एका वृद्ध बाईने तिला हात धरून नेले. प्रथम गणपती व सरस्वती येऊन गेली. मग काळ्या वेषातला संकासुर मालवणी बोलीत सर्वांची टर उडवू लागला. त्यानंतर आख्यान लागले ते हरिश्चंद्राचे. या नटांपुढे लिहिलेली संहिता नसते, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. कथा ठरलेली, भाषणे मात्र जागच्या जागी सुचतील तशी. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. स्त्रीवेषही परंपरेने पुरुषच घेतात.

पहाटेच्या सुमारास तारामती मृत रोहिदासाला मांडीवर घेऊन विलाप करू लागली. बायकांच्या बाजूस पदर डोळ्यांना लागले आणि त्यांत आक्काचा हुंदका आम्ही ओळखला. आम्ही लगबगीने उठलो, तोच त्या वृद्धेने आम्हांस खुणेने बसविले आणि ती आक्काला म्हणाली, "रडान घे गो बाय."

नाट्य हे दुःखितांस, श्रमलेल्यांस व शोकाकुलांस विसावा देणारे आहे, असे भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. त्याचा अर्थ आम्हांस त्या रात्री उमगला. उपदेश ऐकताना शोक आवरावा लागतो. कथा ऐकताना तो मोकळा करता येतो. शिवाय तेथे माणूस एकटा नसतो, भोवताली सारा गाव तेच ऐकत असतो. याच जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. त्या परंपरेचे श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ही केवळ करमणूक म्हणून जपावयाची नव्हे, असे आम्हांस आता वाटते.

तथापि कथा औषधाची जागा घेत नाही. वनपर्वात खिन्न झालेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नलाची कथा सांगतात, पण तेवढ्यावर न थांबता अक्षविद्याही देतात. धीर निराळा आणि उपाय निराळा, दोन्ही हवेत. झोप उडाली, अन्न तुटले, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यास अनमान करू नये. सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनिसेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर मिळते. आक्कालाही आम्ही पुढे डॉक्टरांकडे नेले.

निघण्याच्या दिवशी आम्ही पिशवी भरीत होतो. आक्का उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आप्पा, त्याला संकासुर फार आवडायचा रे. लहानपणी पाठ करून सगळ्यांना हसवायचा." सहा महिन्यांत प्रथमच तिने मुलाची आठवण काढली होती. सांत्वनाचे एक सुभाषित आमच्या ओठांवर आले होते, ते आम्ही गिळले आणि तिच्याजवळ जाऊन बसलो. ती बोलत राहिली. सकाळची गाडी चुकली. तिची हळहळ आम्हांस वाटली नाही.